डोंगरवाले, आणि खाली थांबलेली मी

माणूस गेला की त्याचे कपडे, चपला, औषधं आपण हळूहळू घराबाहेर काढतो. आणि त्याचे किस्से मात्र एकामागून एक घरात येत राहतात. आमच्याकडं तर वर्ष-दीड वर्षात एकाच टोळीतली तीन माणसं गेली. आधी रशीदभाई, मग आमचे हे, आणि आता दिवाळीनंतर कुंदा. भेटायला येणारा सोफ्यावर बसतो, थोडा वेळ पंख्याकडं बघतो आणि सुरू करतो, "वहिनी, एकदा काय झालं..." तेवढ्यानंच मला कळतं की आता असा एक किस्सा येणार, ज्यात माझा नवरा आहे आणि मी नाही.

खरं सांगू? मला जळायला होतं. पूर्वीही व्हायचं, अजूनही होतं.

हे वाळूजला एका कंपनीत फिटर होते. रशीदभाईंचं गुलमंडीजवळ चष्म्याचं दुकान. कुंदा विमा कंपनीत नोकरीला. आणखी काही जण येऊन-जाऊन असायचे, पण मुख्य हे तिघं. रविवार उजाडला की दोर, बाटल्या, भाकरी घेऊन निघायचे. कॉलनीत त्यांना 'डोंगरवाले' असंच नाव पडलं होतं. आणि मी सिडकोत टीव्ही सेंटरजवळ घरातल्याच पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायचे. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या घरामागं ज्वारीची शेतं होती.

त्यांचे किस्से ते सांगतातच. हे माझ्याकडचे.

* * *

लग्न होऊन वैजापूरहून आले त्याला आठवडाही झाला नव्हता. शनिवारी हे म्हणाले, उद्या दौलताबादला जाऊ. मी हरखले. माहेरची जांभळी साडी काढली, नव्या चपला, गजरा, सगळं. स्कूटरवर मागं बसून जाताना वाटत होतं, रस्त्यानं सगळं जग आपल्याकडंच बघतंय.

किल्ल्याच्या दारात पाच-सहा जण उभे. बुटांच्या नाड्या आवळत. त्यांनी मला अगदी आदरानं नमस्कार केला आणि आपापल्या पिशव्या माझ्यापाशी आणून ठेवल्या.

त्यांची शर्यत होती. वरपर्यंत कोण आधी पोचतं ते. हे मला म्हणाले, तू सावकाश ये. मी सावकाश निघाले, पण चपलेचा अंगठा तुटला, मग परत खाली आले आणि पेरूवाल्या बाईशेजारी पिशव्या सांभाळत बसले. त्या बाईनं विचारलं, मंडळी कुठं गेली? मी वर बोट दाखवलं. तिनं मला एक पेरू कापून दिला, तिखट-मीठ लावून. तो चांगला होता.

दुपारी सगळे घामानं निथळत उतरले. पहिली आली होती कुंदा, बाकीचे मागून. मग रशीदभाईंना माझी आठवण झाली.

"भाभी, कैसा लगा किल्ला?"

"छान आहे," मी म्हटलं. "खालून."

* * *

कुंदाचं सांगते. केस कापलेले, लूनावर फिरायची, लग्न केलं नव्हतं. डोंगरावर पुरुषांच्या पुढं. माझ्याच वयाची, पण मला वहिनी म्हणायची आणि यांना नुसतं वसंत. आमच्याकडं बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. आणि ही बाई दरीच्या तोंडाशी उभी राहून 'ए वसंत' म्हणून ओरडायची, आणि म्हणे ते नाव समोरच्या कड्यावरून परत यायचं. हे मला ह्यांनीच कौतुकानं सांगितलं. मी त्या वेळी काज करत होते. सुई बोटात गेली.

एकदा कुंदा माझ्याकडं आली, कापड घेऊन. म्हणाली, वहिनी, बाजारात बायकांसाठी डोंगरावरची पँट मिळतच नाही, पुरुषांची कमरेला ढिली होते, तुम्ही शिवून द्या. मी मापं घ्यायला बसले. कंबर घेतली, मांडी घेतली, पोटरी घेतली. टेप तिच्या पोटरीभोवती फिरवताना माझी नजर माझ्या पायांकडं गेली. मशीन मारून मारून एक पाय जाड झालेला, दुसरा बारीक.

मी ती पँट जीव ओतून शिवली. प्रत्येक जोडाला दुहेरी शिलाई, बैठकीला आतून अस्तर, खिशांना चेन. कुंदा घालून बघते तर एकदम खूश. म्हणाली, "वहिनी, एवढी मजबूत शिवण मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्यावर इतकी माया?"

मी हसले. आता तिला काय सांगणार? ती शिवण कड्यावर उसवली असती, तर बघायला खालच्या दोरावर आमचेच हे होते.

* * *

दुष्काळाचे दिवस होते. एका वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आलेला. रशीदभाई रोजे सोडत नव्हते आणि डोंगरही सोडत नव्हते. पहाटे खाऊन निघायचे, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. तर यांनी काय करावं? म्हणाले, तो पीत नाही तर मी त्याच्यासमोर कसा पिऊ. महिनाभर दर रविवारी बाटली भरून न्यायची आणि तशीच परत आणायची. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मी काही बोलले नाही.

बोलले ते पुढच्या संकष्टीला. माझा उपास, आणि हे माझ्यासमोर बसून कांद्याची भजी खात होते. मी फक्त एवढंच म्हटलं की रशीदभाईंशी लग्न करायला हवं होतं तुम्ही.

ते यांनी जाऊन रशीदभाईंना सांगितलं, हसत हसत. रशीदभाई हसले नाहीत. दुकानातून सरळ स्कूटर काढून आमच्याकडं आले.

"भाभी, मेरे रोजे में इने पानी छोड्या, और तुमारे उपास में भजे खारा? ये क्या बात हुई?" मग यांच्याकडं वळून म्हणाले, पुढच्या चतुर्थीला तू पण उपास धरायचा आणि मी पण धरणार.

आणि खरंच धरला. सकाळी फोन करून विचारलं, काय काय चालतं. मी सांगितलं, चहा चालतो, दूध चालतं, साबुदाणा, केळी, शेंगदाणे, पाणी तर चालतंच. रशीदभाई खूप हसले. हा कसला उपास, ही तर दावत झाली, म्हणाले.

संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा फोन. आवाज खोल गेलेला. मी सांगितलं, अजून सोडायचा नाही, चंद्र दिसायला हवा. रशीदभाई म्हणाले, "भाभी, हमारा तो सूरज डूबा के छुट्टी. तुमारा ये चांद कब निकलता?"

मी म्हटलं, ढग आहेत, वेळ लागेल.

"वसंत किधर है?"

हे सोफ्यावर आडवे पडून कालनिर्णयात चंद्रोदय बघत होते. तसं सांगितलं. रशीदभाई म्हणाले, "उसको बोलो, रोजाच अच्छा था."

त्यानंतर कुणाचेही उपास कुणी वाटून घेतले नाहीत. पण माझ्या संकष्टीला आमच्या घरात भजी मात्र पुन्हा झाली नाहीत. रशीदभाई गेल्यावर मला त्यांची पहिली आठवण आली ती हीच.

* * *

त्याच दुष्काळात यांच्या टोळीनं फर्दापूरच्या पलीकडं डोंगरमाथ्यावरच्या एका वस्तीला पाणी मिळवून द्यायचं ठरवलं. वस्तीजवळ खडकात खोदलेलं जुनं टाकं होतं, गाळानं पूर्ण भरलेलं. तो उपसायचा, म्हणजे पावसाचं पाणी साठेल. सगळा उन्हाळा रविवार-रविवार हे तिकडं. कुंदा टाक्यात उतरून घमेली भरायची, हे वर ओढायचे, रशीदभाई लांब नेऊन टाकायचे.

इकडं आमच्या कॉलनीत नळाला पाणी नाही. टँकर आला की मी कापड मशीनवर तसंच टाकून हंडे घेऊन पळायची. भांडणं, ढकलाढकली, कुणाच्या तरी कोपराचा मार. एवढं करून ड्रम भरायचा, आणि रविवारी संध्याकाळी हे डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखून दारात उभे. अंघोळीला पाणी हवं. ड्रम खाली. मी विचारायची, वस्तीला पाणी मिळालं का? हे म्हणायचे, मिळेल, पाऊस पडला की. मी म्हणायची, मग त्याच पावसात अंघोळ करायची होती.

टाकं मात्र भरलं पुढं. पाऊस झाला आणि त्या वस्तीला वर्षभर पुरलं.

नंतर केव्हातरी त्या वस्तीतली एक म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आली आणि हे तिला आमच्याकडंच घेऊन आले. हे कामावर गेले की मी तिच्या डोळ्यात थेंब घालायची, जेवायला वाढायची. तिच्या डोळ्याला पट्टी, त्यामुळं दिवसभर बोलत राहायची. टाक्याचं, पाण्याचं, डोंगरवाल्यांचं. एक दिवस म्हणाली, "लई गुणाची बाई हाय ती कुंदाबाई. मालक वर दोर वढायचा, ही खाली चिखलात हुबी. असा जोडा नाय बगितला. कुटं गेली ती? आवाज येईना तिचा घरात."

माझ्या हातातली डाळीची वाटी तशीच राहिली.

मी सांगितलं, ती कामावर गेली असेल.

"व्हय का? आन तू कोन म्हनायची त्येंची?"

मला हसूही येईना आणि रडूही. मी म्हटलं, "मी? मी त्यांचे कपडे शिवते."

म्हातारीनं चाचपडत माझा हात धरला. म्हणाली, जेवण बी चांगलं करतीस गं बाई.

संध्याकाळी हे आल्यावर मी सांगितलं, तर हे जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं नाही. उठून त्यांनी स्वतः घेतलं.

* * *

मग शहर वाढायला लागलं. घरामागची ज्वारी गेली, तिथं गाळे आले. शहराला लागूनच असलेल्या साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याला हे लोक ज्या कातळावर नव्या पोरांना दोर बांधायला शिकवायचे, तिथंच एक दिवस जेसीबी लागला. कातळ फुटला, प्लॉट पडले, इमारत उभी राहिली. तिला नाव दिलं हिल व्ह्यू. हे आणि कुंदा कितीतरी दिवस त्या रस्त्यानं जायलाही तयार नव्हते.

रशीदभाईंनी उलटंच केलं. गुडघे गेले होते, डोंगर बंद झाला होता, तर त्यांनी त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नव्हती. घरचे चिडले, त्यांच्या बेगम, आमच्या भाभीजान, तर महिनाभर बोलत नव्हत्या. पण ते ऐकेनात. म्हणाले, याच जागेवर मी उभं आयुष्य चढलोय, आता पहाड नाही तर जिने चढीन.

ते तिथंच गेले, सकाळी चहा घेता घेता.

मी भाभीजानजवळ बसायला गेले होते. जनाजा खाली न्यायची वेळ झाली तेव्हा गोंधळ उडाला. जिना अरुंद, वळणावर डोला फिरेना. मोहल्ल्यातली तरणी पोरं घाबरून गेली, कुणी इकडून उचल, कुणी तिकडून. तेव्हा हे पुढं झाले. हळू आवाजात म्हणाले, जरा आम्ही बघू का? पोरं बाजूला झाली. यांनी आणि टोळीतल्या दोघांनी गाडीतला नेहमीचा दोर आणून सोडला, गाठी मारल्या, गॅलरीच्या कठड्याला वेढा दिला आणि रशीदभाईंना बाहेरून असं अलगद, एकेका मजल्यानं खाली आणलं की डोला कुठं घासला नाही, कुठं तिरका झाला नाही. कुंदा खाली अंगणाच्या कडेला उभी राहून वर बघत होती. ओठ हलत होते तिचे. सूचना देत असणार, सवयीनं.

एका पोरानं यांना विचारलं, "चाचा, ये गांठां कहाँ सीखे?"

हे म्हणाले, "यानंच शिकवल्या."

मी वरच्या खिडकीतून बघत होते. डोळे भरून आले होते, पण खोटं कशाला बोलू, आतून एक कळही आली. मला असं सांभाळून कोण उतरवणार आहे?

* * *

हे गेले ते घरात. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. भेटायला आलेले सगळे हळहळले, डोंगराचा माणूस, डोंगरावर जायला हवा होता. मी मान हलवायची. मनात म्हणायची, का म्हणून? निदान जाताना तरी माझ्याकडं होते.

तिसऱ्या दिवशी टोळीतले चार जण आले. राख सावडून झाली होती, अस्थी पैठणला न्यायच्या होत्या. हे लोक बराच वेळ चुळबुळत बसले. शेवटी एकानं विषय काढला. वहिनी, थोड्या अस्थी आम्हाला द्या, आम्ही किल्ल्याच्या माथ्यावर नेऊ, त्याचा जीव तिथं होता.

'त्याचा जीव तिथं होता.' माझ्यासमोर, माझ्या घरात बसून.

मी विचारलं, आज वार कोणता?

ते गोंधळले. बुधवार, म्हणाले.

"रविवार तुमचे होते," मी म्हटलं, "ते तुम्ही घेऊन गेलात. आज बुधवार आहे."

ते उठून गेले. माझा मुलगा मला म्हणाला, आई, थोड्या दिल्या असत्या तर काय झालं असतं. काही झालं नसतं. पण मी दिल्या नाहीत. सगळ्याच्या सगळ्या पैठणला नेल्या आणि गोदावरीत माझ्या हातानं सोडल्या.

* * *

आणि आता हा एक.

दहावा-तेरावा उरकल्यावर डोंगरवाल्यांनी कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मोठ्या पडद्यावर यांचे फोटो. कड्यावर, दोरावर, ढगात. एकाही फोटोत मी नाही, असणार कशी. मग एकेक जण उठून बोलायला लागला. कुणाला यांनी पाय घसरल्यावर मनगटाला धरून वर घेतलं होतं. कुणाला अरुंद धारेवरून हात धरून नेलं होतं. शेवटी कुंदा बोलली. छान बोलली, न रडता. म्हणाली, चाळीस वर्षं दोराच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला वसंत होता. वसंत त्याला स्वतःला जेवढा माहीत होता, तेवढा मला माहीत आहे. भीती कशी असते ते त्याला ठाऊकच नव्हतं.

हॉलमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत बसून मीही हलवली. मग कुणीतरी म्हणालं, वहिनींनी दोन शब्द बोलावेत.

मी आयुष्यात माइक धरलेला नाही. नाही म्हणत होते, पण मुलानं हाताला धरून उठवलं. काय बोलावं सुचेना. समोर तो पडदा, त्यावर हे, एका बोटाच्या आधारानं लटकल्यासारखे. मग जे आठवलं ते सांगितलं.

म्हटलं, आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिला लोखंडी शिडी आहे, माणसाच्या उंचीपेक्षा जरा जास्त. टाकीत पाणी किती चढलं ते रोज बघायला लागायचं. लग्नानंतर पहिल्यांदा यांना म्हटलं, जरा बघून या, तर हे दोन पायऱ्या चढले आणि थांबले. तोंड पांढरंफटक. खाली उतरून म्हणाले, मला नाही जमणार. मी म्हटलं, अहो, तुम्ही कडे चढता. तर म्हणाले, "तिथं दगड असतो. दगड धरला की धरला. हे लोखंड थरथरतं गं."

तेव्हापासून शिडीवर मी चढायची. साडीचा ओचा खोचून. पावसापाण्याचं, उन्हातान्हाचं, दोन्ही बाळंतपणांच्या आधी आणि नंतर. आणि हे खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभे राहायचे, डोळे मिटून. मी खाली उतरून खांद्याला हात लावल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. शेवटच्या आठवड्यापर्यंत असंच होतं.

एवढंच सांगितलं आणि माइक मुलाकडं दिला.

मागं कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला, डोळे पुसत पुसत हसायला लागला. माणसं उठून माझ्याकडं यायला लागली. वहिनी, हे आम्हाला माहीतच नव्हतं. वहिनी, आणखी सांगा.

कुंदा हसत नव्हती. गर्दी पांगल्यावर ती आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"खरंच डोळे मिटायचा?"

"हो."

"रोज?"

"रोज."

तिनं पडद्याकडं बघितलं. त्यावर आता फोटो नव्हता, नुसता पांढरा उजेड होता.

"मला कधी बोलला नाही," ती म्हणाली.

कुणीतरी आणून दिलेला चहाचा कप मी तिच्यापुढं धरला. म्हटलं, "चहा घे कुंदा. गार होतोय."